कोऱ्या उंदरांची फळी

११ जानेवारी

ताई,

मायना घालत नाही. नुसतं अक्षर बघून तू पत्र फाडशील म्हणून पाकिटावरचा पत्ता ठोंब्याकडून लिहून घेतलाय. त्याचे हात थरथरतात, तरी त्याने लिहिला. तेव्हा निदान आता उघडलंच आहेस तर वाच.

आपण बोललो नाही त्याला सहा वर्षं झाली. तू नोकरी सोडून त्या प्रयोगशाळेला खाद्य पुरवणाऱ्याशी लग्न केलंस, मी लग्नाला आले नाही, आणि तू म्हणालीस की यापुढे मला एकच भावंड आहे, तो भाऊ. ते मी विसरले नाही आणि उगाळायलाही बसलेली नाही. त्या एका भावंडासाठीच, ठोंब्यासाठीच लिहितेय.

काल डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. ठोंब्याच्या हाडातल्या मज्जेने रक्त बनवायचं काम जवळजवळ सोडूनच दिलंय. बाहेरचं रक्त चढवलं की दोन-तीन दिवस तो माणसात असतो, मग पुन्हा पांढराफटक. दुसऱ्या कुणाची जुळणारी मज्जा त्याच्या अंगात रुजली तर तो वाचेल. नाही तर उन्हाळा निघणं अवघड आहे, असं त्या स्पष्टच म्हणाल्या. तू दवाखान्याला पाठवलेला रक्ताचा नमुना त्याच्याशी पूर्ण जुळला. माझा अर्धा जुळतो. अर्धी जुळणारी मज्जाही घालतात, पण त्यात धोका बराच जास्त. म्हणून तुझीच घ्यायची असं ठरलंय. हे ऐकल्यावर तो काय म्हणाला माहीत आहे का? म्हणाला, मग आता ताईचा रागही माझ्या अंगात येणार की काय. बाई हसल्या. मी नाही हसले, मला तुझा राग माहीत आहे.

तेव्हा मार्चच्या सुरुवातीला तुला इथे यावं लागेल. तू राहायला माझ्याकडे यावंस असं मी म्हणत नाही. दवाखान्यासमोर बरी खोली मिळते.

बाकी काय लिहू. प्रयोगशाळा होती तिथेच आहे. तुझ्या जागी आलेली मुलगी उंदरांना शेपटीने उचलते, तू असतीस तर तिलाच उचललं असतंस. तुझ्या वेळी आम्ही एक्स-रेचे किरण दिलेल्या उंदरांचं नुसतं रक्त तपासायचो, आणि रक्त सुधारलं की उंदीर बरा झाला असं लिहून मोकळे व्हायचो. आता पुढे जातो. किरण देऊन वर्ष उलटून गेलेल्या म्हाताऱ्या उंदराची मज्जा काढायची आणि ज्याची स्वतःची मज्जा आपण मारून टाकलीय अशा दुसऱ्या उंदरात घालायची. ती रुजली तर तो जगतो. किरणवाल्यांची रुजत नाही. रक्त एक नंबर, वजन छान, पिंजऱ्यात पळतायत, आणि मज्जा मात्र आतून संपलेली. घरात दहा कमावते होते त्यातले आठ गेले आणि उरलेले दोघं राबराब राबून घर चालवतायत, तसं. बाहेरून बघणाऱ्याला चूल पेटलेली दिसते. पण त्या दोघांना उचलून दुसऱ्या घरी नेलं आणि शून्यातून संसार मांडा म्हटलं, की त्यांच्यात जीवच उरलेला नसतो.

एक भानगड मात्र झालीय. आपल्या कोऱ्या उंदरांची, म्हणजे ज्यांना किरण दिलेलेच नाहीत त्यांची, मज्जाही रुजली नाही. ज्यांच्यात घातली ते सगळे मेले. उघड आहे, त्या शेपटीवालीने पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तिला चांगलं फैलावर घेतलंय.

तुझी
मधली

७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण दवाखान्याला तू येण्याचं कळवलंस असं ठोंब्याकडून समजलं. बरं केलंस.

त्या पोरीची मी माफी मागितली. हो, मी. तुला बघायला आवडलं असतं. प्रयोग पुन्हा केला, या वेळी कुणाला हात लावू दिला नाही. पिंजरे मी आणले, चिठ्ठ्या मी लावल्या, मज्जा मी काढली. शिवाय जन्मघरातून, जिथे पिल्लं वाढवतात तिथून, त्याच वयाचे म्हातारे उंदीर आणले, जे त्या खोलीबाहेर कधी गेलेच नाहीत. त्यांची मज्जा छान रुजली. कोऱ्यांची पुन्हा नाही. ज्यांना दिली ते एकेक करून पांढरे पडले आणि मेले, अगदी किरणवाल्यांची मज्जा मिळालेल्यांसारखेच.

साहेब म्हणाले, कोऱ्यांना काही रोग असेल. रोग नाही, मी सगळं तपासलं. मला झोप येत नाहीये, ताई. जन्मघरातल्या उंदरात आणि आपल्या कोऱ्यांत फरक काय? खाणं एक, पाणी एक, आईबाप एक. कोऱ्यांना फक्त किरणांच्या खोलीपर्यंत नेतात, यंत्र चालू असेपर्यंत बाहेर फळीवर ठेवतात आणि परत आणतात. किरणवाल्यांना जो प्रवास घडला, जी घरघर ऐकू आली, ती यांनाही ऐकू यावी, फरक राहावा तो फक्त किरणांचा, एवढ्यासाठी. हे मी तुला काय सांगतेय. तूच तर त्यांना तिथे घेऊन जायचीस.

उद्या एक गोष्ट करून बघणार आहे. काही निघणार नाही, पण मला राहवत नाही.

मधली

८ फेब्रुवारी

ताई,

आधी हे वाच, मग बाकीचं. तू मज्जा द्यायची नाहीस. दवाखान्यात पाऊल टाकायच्या आधी तुझ्या गावातल्या मोठ्या रुग्णालयात जा आणि तुझी मज्जा तपासून घे. रक्त नाही, मज्जा. रक्त ठीकच येईल.

आज एक्स-रेची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून फळीच्या मागच्या भिंतीला चिकटवली, यंत्र नेहमीइतका वेळ चालवलं आणि फिल्म धुऊन आणली. मधोमध वाटीएवढा काळाकुट्ट गोल. त्याच्याभोवती फिकट होत गेलेलं करडं, पार कडेपर्यंत.

मी ती घेऊन भिंतीपाशी गेले आणि तिथला रंग खरवडला. भिंतीला भोक आहे, ताई. जुन्या यंत्राच्या तारा जायच्या त्याचं. नवं यंत्र बसवताना ते कुणीतरी शिशाने न भरता साध्या प्लास्टरने भरलं, वरून रंग दिला, आणि मग त्याच्यापुढे आम्ही फळी ठोकली. कोऱ्यांची फळी. गेली कितीतरी वर्षं आमच्या कोऱ्या उंदरांना थोडे थोडे किरण मिळत होते आणि आम्ही त्यांच्याशी तुलना करून शहाण्यासारखे निष्कर्ष काढत होतो.

तपासणीवाले दर वर्षी मीटर घेऊन यायचे. दारापाशी फिरवायचे, माझ्या खुर्चीपाशी फिरवायचे. फळीपाशी कधी नाही, कारण कोऱ्यांना मुळीच धक्का लागता कामा नये हा आमचाच नियम. ते मीटर घेऊन तिकडे वळले की मीच म्हणायचे, तिथे राहू द्या, तिथे कोरे आहेत. छातीला लावायचा किरणांचा बिल्ला मला होता, साहेबांना होता. तुला नव्हता. जिच्याजवळ किरण न दिलेले उंदीर, तिला बिल्ला कशाला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं.

आणि तू तिथे बसायचीस. नियम फक्त उंदीर ठेवण्याचा होता, बसायचा नव्हता. तू म्हणायचीस की एकटे ठेवले की ते बावरतात, म्हणून स्टूल घेऊन त्यांच्याशेजारी बसायचीस आणि काहीबाही बोलत राहायचीस. तू गेल्यावर कोणी बसत नाही. म्हणजे माणसांमध्ये तूच. मी मघापासून हा हिशेब वेगळा यावा म्हणून सगळीकडून करून बघतेय आणि तो वेगळा येत नाही.

साहेबांना फिल्म दाखवली. ते ती घेऊन खुर्चीत बसले. मग उठून यंत्र बंद केलं, दाराला कुलूप लावलं आणि वर कळवायला गेले. जाताना मला म्हणाले, तुमच्या बहिणीला आधी कळवा.

म्हणून कळवतेय. फोन तू उचलत नाहीस.

तुझी मज्जा खराब असेलच असं नाही. उंदीर एवढासा जीव, तो भोकाला चिकटून असतो, माणूस मोठा. पण असेल तर ती ठोंब्यात रुजणार नाही. त्याची स्वतःची उरलीसुरली मज्जा मारून मग तुझी घालणार, आणि ती रुजली नाही तर परतीची वाट नाही. म्हणून तपास. माझ्यावरचा राग ठेवून तपास.

तुझी मधली

१५ फेब्रुवारी

ताई,

काल ठोंब्याला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला सांगायला हवं, मज्जा त्याच्या अंगात जाणार आहे. म्हणून मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. भोक, फळी, उंदीर, तू.

तो ऐकत होता. मधेच म्हणाला, “जिन्याखालची फळी?” मी हो म्हटलं. त्याने मला पडदा ओढायला सांगितला, उजेड डोळ्यांवर येतोय म्हणून. उजेड मुळी नव्हताच, बाहेर ढग होते. मग विचारलं, ताईला कळवलंस का? मी म्हटलं, कळवलं, सगळं लिहिलं. त्यावर त्याने जे केलं त्याने मी हादरले. त्याने माझं मनगट धरलं. त्याच्या हातात ताकद नसते, ताई, पेला धरता येत नाही, पण वळ उठेल असं धरलं. म्हणाला, “यापुढे तिला त्या फळीबद्दल एक अक्षर लिहू नकोस. मला वचन दे.”

मला राग आला. मला वाटलं, हा आता स्वतःला वाचवतोय. तुझी मज्जा मिळायची ती मिळावी, तू घाबरून माघार घेऊ नयेस, म्हणून मला गप्प बसवतोय. मरणाची भीती वाटल्यावर माणूस असा होतो, असं मी मनात म्हटलं. मी वचन दिलं नाही. उठून निघाले. दारातून बघितलं तर त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

आणि घरी येऊन हे लिहितेय, कारण तू अजून तपासणी केलीस की नाही ते मला कळलेलं नाही. दवाखान्यात तुझे रक्ताचे अहवाल आलेत. सगळं उत्तम, असं तिथल्या मुलाने मला कौतुकाने सांगितलं. बहिणीची तब्येत ठणठणीत आहे हो, म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, त्याला काय माहीत. माझ्याकडे पिंजरेच्या पिंजरे भरून ठणठणीत रक्ताचे उंदीर आहेत.

एका ओळीचं तरी कळव. नाही तर त्या तुझ्या खाद्यवाल्याला कळवायला सांग. मी त्याच्याशी नीट बोलेन.

मधली

२४ फेब्रुवारी

मधले,

तुझी चारही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. ठोंब्याच्या अक्षराचं पाकीट तर उशाशी आहे.

माझी तपासणी झाली. कंबरेच्या हाडात सुई घालतात, तेव्हा हे बाहेर येरझाऱ्या घालत होते, मला आतून चपलांचा आवाज येत होता. निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर म्हणाला, तुमचं वय पन्नाशीचं आहे आणि मज्जा ऐंशीच्या पुढची दिसतेय, शिवाय त्यातल्या पेशी मोडक्या आहेत. आत्ता काही त्रास नाही पण आयुष्यभर लक्ष ठेवायला लागेल. आणि कुणाला द्यायची तर नाहीच. यांनी विचारलं, असं कशाने होतं, तर त्याने मलाच विचारलं, तुम्ही कधी किरणांच्या कामात होतात का. मी म्हटलं, नाही, मी उंदरांजवळ बसायचे.

माझं काय ते मी बघीन. तू रडत बसू नकोस, तुला रडता येत नाही, नाक लाल होतं नुसतं.

पण तू लिहिलंस, माणसांमध्ये मीच एकटी. ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी एकटी नसायचे गं तिथे.

ठोंब्याला त्या वर्षी कारखान्यातून काढलं होतं. तुम्हाला घरी कुणाला माहीत नाही. बाबांना कळलं असतं तर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं, एकदा काढलंच होतं. म्हणून तो रोज डबा घेऊन वेळेवर निघायचा आणि दिवसभर कुठेतरी हिंडायचा. एकदा मला बसच्या थांब्यावर बसलेला दिसला. मी त्याला मागच्या दाराने आत घेतलं आणि जिन्याखाली बसवलं. कुणी तिकडे येत नसे, तू तर आत तुझ्या खुर्चीवर. वर्षभर तो माझ्याबरोबर तिथे होता, मधले. माझं स्टूल कडेला असायचं. त्याला मी फळीवरच बसवायचे, भिंतीला पाठ लावून. तिथे ऊब होती आणि झरोक्यातून उजेड यायचा, त्याला वाचता यायचं. डोकं भिंतीला टेकून झोपायचासुद्धा. पिंजरे बाजूला सरकवून मी त्याला जागा करून द्यायचे.

तुझ्या पत्रातला तो काळा गोल. तो बरोब्बर त्याच्या पाठीवर यायचा.

तू शिकलेली आहेस, तुला यातून काय निघतं ते मी सांगायला नको. त्याचा आजार मी दिला. सगळ्यांपासून लपवून, रोज, हाताने जागा करून.

आता तू तुझी अर्धी दे. धोका आहे तर आहे. आणि त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याला फक्त एवढंच माहीत राहू दे की मी उंदरांजवळ बसायचे आणि माझी मज्जा गेली. मी तिकडे येणार नाही. मला त्याच्यासमोर उभं राहता येणार नाही.

ताई

२८ फेब्रुवारी

ताई,

पत्र आज आलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं, पाणी हवं का विचारलं.

जिन्याखालची फळी, असं तो म्हणाला होता. मी त्याला जिन्याचं काही सांगितलंच नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी तर त्याच्यावर चिडून निघून आले होते.

मी वर गेले. तू सांगू नकोस म्हणालीस, पण मी त्याच्या खाटेवर बसले आणि तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. रागव माझ्यावर, सवय आहे मला. त्याला हे सगळं चौदा तारखेलाच कळलं होतं, ताई, माझ्या आधी, तुझ्याही आधी असेल. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो स्वतःसाठी नाही. तुला ते आठवू नये, तुला त्याचा संबंध लागू नये, म्हणून माझं मनगट धरलं होतं. तू त्याच्यापासून लपवतेस, तो तुझ्यापासून, आणि मी मधे मूर्खासारखी दोघांना पत्रं नि निरोप पोचवतेय.

त्याने पत्र हळूहळू वाचलं. बसच्या थांब्याच्या ओळीपाशी येऊन थांबला. मग मला म्हणाला, लिहून घे, मला लिहवत नाही. तो म्हणाला तसंच लिहिते.

“ताई अजूनही खोटं लिहिते. बसचा थांबा नव्हता. मी पुलाच्या कठड्याच्या पलीकडे उभा होतो. तिने मला दंडाला धरून अलीकडे घेतलं, विचारलं काहीच नाही, आणि न्यायला तिच्याकडे तेवढी एकच जागा होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाईन म्हणून ती मला रोज घेऊन यायची. तिला सांग, मी त्या वर्षानंतर वीस वर्षं जगलो. लग्न केलं, पोरगी झाली. ती वीस वर्षं तिने दिली, तीही त्या फळीवरच.”

एवढं बोलून तो दमला. मग म्हणाला, एवढं पुरे.

पुलाचं मला माहीत नव्हतं. एका घरात, एका ताटात जेवलो आपण, आणि मला पूलही माहीत नव्हता आणि फळीही. माझा धाकटा भाऊ मरायला गेला होता आणि मी भिंतीच्या पलीकडे बसून उंदरांना किरण देत होते. मी हे कुठे ठेवू, ताई? मला खरंच कळत नाहीये.

सोमवारी माझी मज्जा काढतात, मंगळवारी त्याला देतात. अर्धी जुळते तेवढ्यावर. बाई म्हणाल्या, रुजेल किंवा नाही रुजणार, आत्ता सांगता येत नाही.

तुझ्या नवऱ्याला घेऊन ये. माझ्याकडे उतरा, समोरची खोली राहू दे. आणि गाडीत बसल्यावर ठोंब्याला काय सांगू, कसं सांगू याची जुळवाजुळव करत येऊ नकोस. सांगायचं काही राहिलेलं नाही, त्याला फक्त तू हवी आहेस.

मधली